सतरा नंबरची खूण

रोज सकाळी खुर्चीत बसण्याआधी मावशी संगणकाचा पडदा पुसायची. पर्समध्ये घडी करून ठेवलेला मऊ सुती रुमाल काढून आधी वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे, आणि शेवटी एकदा तिरपा हात. मग दिवसाचं पहिलं चित्र उघडायची आणि माऊसने ते जरासं बाजूला सरकवायची. चित्राबरोबर सरकला तो ठिपका आकाशातला, जागच्या जागी राहिला तो काचेवरचा. एवढं पुसल्यावर पुन्हा हे कशाला, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "रुमालावर तरी का म्हणून विश्वास ठेवायचा?" आणि हे ती गमतीने म्हणत नसे.

मावशी शास्त्रज्ञ नव्हती. बारावीनंतर नऊ वर्षं तिने कापडाच्या गिरणीत काढली होती. खालून दिवे लावलेल्या काचेवरून कापडाचं थान सरकत जायचं, आणि त्यातला तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग हेरून मावशी खडूने खूण करायची. गिरणी बंद पडली. त्याच महिन्यात खगोलसंस्थेची जाहिरात आली, 'नजर तीक्ष्ण असलेली माणसं हवीत.' "मला वाटलं चष्म्याचं दुकान असेल," ती सांगायची. गेली, आणि बावीस वर्षं तिथेच राहिली.

तिचं काम सांगायला सोपं होतं. अवकाशात सोडलेल्या एका दुर्बिणीने सगळं आकाश अवरक्त किरणांत, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या उजेडात टिपून ठेवलं होतं. त्या लाखो चित्रांतून संगणक काही विचित्र ठिपके वेचून काढायचा. हे ठिपके आखूड लहरींच्या चित्रांत जवळजवळ नसायचेच आणि लांब लहरींच्या चित्रांत भगभगून उठायचे. खरा निघालाच तर असा ठिपका म्हणजे फार दूरची एक दीर्घिका. तिच्या पोटात एक अजस्र कृष्णविवर सगळं गिळत बसलेलं असतं, गिळताना प्रचंड उजेड सांडत असतं, आणि त्याच्याभोवती धुळीचं एवढं दाट पांघरूण असतं की तो उजेड बाहेर पडतच नाही. धूळ तो पिते, तापते, आणि तापलेल्या धुळीची ऊब तेवढी आपल्यापर्यंत पोचते. दिवा दिसत नाही, पण भिंतीला हात लावला तर भिंत गरम लागते, असं मावशी नव्या मुलांना समजावायची.

पण असे ठिपके खोटेही असतात. मध्येच आलेला लघुग्रह, जवळच्या ताऱ्याचा ओघळ, दुर्बिणीतल्या उजेड टिपणाऱ्या डिटेक्टरचा बिघडलेला कण. संगणकाला ते सगळे सारखेच. म्हणून छापील यादीत 'संगणक' या रकान्याशेजारी 'डोळा' नावाचा रकाना होता, आणि तो मावशीचा होता. त्यात ती पेन्सिलने बरोबरची खूण करायची, फुली मारायची किंवा प्रश्नचिन्ह काढायची. संस्थेत तिला मागून शंकाबाई म्हणत. तिला ते माहीत होतं. कोण कोण म्हणतं त्यांची नावंही माहीत होती.

भाची तिच्याकडे राहायला आली ती पीएच.डी.साठी. त्याच संस्थेत, त्याच विषयावर, मावशीच्या खोलीपासून चार दारं सोडून तिची खोली. पहिल्या महिन्यातच तिला कळलं की मावशी घरीही तशीच आहे. दाराला कुलूप लावून झालं की दोनदा ओढून बघायची. दूध आलं की आधी वास, मग बोट, मग पुन्हा वास. फोनवर बहिणीचा आवाज ओळखूनही "कोण बोलतंय?" विचारायची.

"लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली," काका म्हणायचे, "अजून माझ्यापुढे प्रश्नचिन्हच आहे. फुली मारली नाही, तेवढ्यावर मी खूश."

"घाई काय आहे?" मावशी आतून म्हणायची.

त्या वर्षीच्या यादीत अठ्ठावीस ठिपके होते आणि सतरा नंबरवर भाचीचा जीव जडला होता. तिने गणित तीनदा करून पाहिलं होतं. ही दीर्घिका खरी असेल तर शंभर लाख कोटी सूर्यांइतका उजेड त्या धुळीत कोंडलेला होता. यादीतली दुसरी कुठलीही तिच्या पासंगाला पुरत नव्हती. भाचीचा प्रबंध सतरावरच उभा राहणार होता. डोंगरावरच्या मोठ्या तबकड्यांच्या दुर्बिणीकडे वेळ मागणारा अर्ज पाठवायचा होता, तोही सतराच्याच जोरावर. अर्जाची मुदत शुक्रवारी दुपारी बाराला संपत होती. मावशीच्या रकान्यात खूण असल्याशिवाय कुठलाही नंबर अर्जात जात नसे, हा सरांचा नियम. सर म्हणजे भाचीचे मार्गदर्शक.

बाकी सत्तावीस घरांत काहीतरी होतं. सतरासमोर काहीच नव्हतं.

"मावशी, सतराचं काय झालं?" मंगळवारी डबा खाताना भाचीने विचारलं.

"बघतेय."

"तीन आठवडे झाले."

"तो कुठे पळून चाललाय? त्याचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीसुद्धा नव्हती."

"तो नाही पळत. मुदत पळतेय."

"मग ती पळू दे," मावशी म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं. लावल्यावर उलटा करून गळतो का ते पाहिलं.

फुली मारली असती तरी भाचीने सहन केलं असतं. प्रश्नचिन्हावर वाद घालता आला असता. त्या कोऱ्या चौकोनाचं काय करायचं ते तिला समजेना. आणि मग ती मावशीला बघू लागली, जशी मावशी ठिपके बघायची तशी. आपण खोलीत शिरलो की मावशी पडद्यावरचं चित्र बदलते. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. सरांशी बोलत होती, आपण गेल्यावर गप्प झाली. बुधवारी मावशी पाणी भरायला गेली असताना तिची वही उघडी होती, आणि भाचीने वाकून वाचली. बारीक, उभट अक्षरांत लिहिलं होतं: '१७. पोरीला इतक्यात सांगायचं नाही.'

त्या एका ओळीवर भाचीने रात्रभरात अख्खी इमारत बांधली. बावीस वर्षांत शंभरेक शोधनिबंध या बाईच्या डोळ्यांवरून गेले आणि एकातही तिचं नाव नाही. शेवटी आभारांत 'तपासणी विभाग' एवढंच. आता बहिणीची मुलगी, कालपर्यंत दोन वेण्या घालणारी, पहिल्याच निबंधात नाव मिरवणार. हे तिला रुचेल कसं? किंवा मग लोक म्हणतील भाचीला झुकतं माप दिलं, या भीतीने ती भाचीचंच माप मारतेय. दोन्ही कारणं भाचीला सारखीच पटली. नाश्त्याच्या वेळी मावशीने तिच्यापुढे पावाला लोणी लावून बशी सरकवली तेव्हा तिच्या मनात आलं, हे आज एवढं गोड का?

गुरुवारी दुपारी दीड वाजता मावशी जेवायला खाली गेली. यादीचा कागद टेबलावर होता, पेन्सिल कागदावर होती. भाचीने दार लोटलं, सतरासमोरच्या कोऱ्या घरात बरोबरची खूण केली आणि कागद घेऊन सरांकडे गेली.

"बाईंची खूण आली? वा," सर म्हणाले. त्यांना अजून सहा कागदांवर सह्या करायच्या होत्या. "शंकाबाईंनी पास केलं म्हणजे मला काही बघायला नको. पाठवून दे."

शुक्रवारी सकाळी दहाला अर्ज गेला.

शनिवारी मावशी बाजारात गेली होती. काका बाल्कनीत पायमोजे वाळत घालत होते. भाचीला बोलतं करायचं म्हणून की काय, ते म्हणाले, "तुझी मावशी पहिल्यापासून अशी नव्हती बरं का. संस्थेत लागली तेव्हा भराभर खुणा करायची. दिवसाला दोनशे. हौस होती."

"मग?"

"मग दोन भुतं सुटली तिच्या हातून. खोटे ठिपके. निबंध छापून आला, वर्षाने कुणीतरी परदेशातून दाखवून दिलं की तिथे काहीच नाही. निबंध मागे घ्यावा लागला. मागे घेताना छापलं काय, तर 'दृश्य तपासणीतील चूक'. नाव कुणाचं नव्हतं, पण दृश्य तपासणी करणारी होती एकटीच. दोन महिने ही घरात कुणाशी धड बोलली नाही. तेव्हापासून हे सुरू झालं." त्यांनी एक पायमोजा उचलून उजेडाकडे धरला. "भोक आहे का गं यात? तिला आधी दिसेल."

भाचीने तो पायमोजा हातात घेतला आणि बराच वेळ त्यात बघत राहिली.

सोमवारी मावशीने यादी उघडली. भाची दारात उभी होती. मावशीची नजर कागदावरून खाली उतरत गेली, सतरावर थांबली, आणि तशीच अठरावर गेली. तिने रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. "येताना खालून छपाईचे कागद आणशील का? दोन गठ्ठे," म्हणाली. बस एवढंच.

घरी तेच. टॉवेल हातात दिला, खिडकीजवळची जागा सोडली, बहिणीच्या फोनवर "हो, छान चाललंय तिचं" म्हणाली. ती बोलत नव्हती याची भाचीला जास्त भीती वाटली. तिला पक्कं माहीत होतं की मावशीला कळलंय. मग ही थांबलीय कशासाठी? मंगळवारी मावशीच्या खोलीतून दिवसभर प्रिंटरचा आवाज येत होता. दाराच्या फटीतून भाचीला दिसलं की भिंतीवर चित्रं चिकटवलीत आणि मावशी पोलादी पट्टीने काहीतरी मोजतेय, मोजून वहीत उतरवतेय. पुरावा जमवतेय, भाचीला वाटलं. सरांपुढे ठेवायला.

बुधवारी अकरा वाजता मावशीने तिला बोलावलं. "ये. दार लाव. बस."

टेबलावर नऊ छापील चित्रं पालथी ठेवली होती. मावशीने त्यांच्यावर हात ठेवला.

"आधी ऐक. सतराच्या बरोबर वर एक मोठा तारा आहे. दुर्बीण एका चित्रावरून पुढच्या चित्रावर जाताना जेवढी सरकते, बरोबर तेवढ्या अंतरावर. मी मोजलंय, पट्टीने आणि संगणकाने."

लांब लहरींच्या त्या डिटेक्टरची खोड भाचीला पुस्तकातून माहीत होती. फार तेजस्वी तारा त्याच्यावर पडून गेला की त्या जागी थोडा वेळ ओरखडा राहतो. दुर्बीण पुढे सरकते, पण ओरखडा पुढच्या चित्रातही उमटतो, आणि जिथे काही नाही तिथे एक ठिपका दिसतो. उष्ण, तांबडा, आखूड लहरींत गायब. हुबेहूब धुळीत दडलेल्या दीर्घिकेसारखा.

"गिरणीत पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं," मावशी म्हणाली. "दोष एकदाच दिसला तर धाग्याचा. सारख्या अंतरावर पुन्हा पुन्हा आला तर यंत्राचा. सतरा दहाही फ्रेममध्ये जागच्या जागी आहे, म्हणून तू खूश झालीस. मी त्याच्यामुळेच धास्तावले. दरवेळी दुर्बीण तेवढीच सरकली, तर भूतही दरवेळी तिथेच उमटणार."

"म्हणजे खोटा आहे?"

"मी कुठे तसं म्हटलं? शंका आहे म्हटलं."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस. नाहीतर तो तारा किती गरीब, किती निरुपद्रवी आहे हे सिद्ध करत बसली असतीस. दोन्हीत तुझा डोळा वाया गेला असता, आणि मला तो कोरा हवा होता." मावशीने चित्रांची चळत तिच्याकडे सरकवली. "यातल्या काही फ्रेम त्या दिवशीच्या आहेत ज्या दिवशी चंद्र वाटेत आला म्हणून दुर्बिणीची वाट तिरपी केली होती. गेल्या आठवड्यात मागवल्या, सोमवारी पोचल्या. वाट तिरपी झाली की ओरखडा दुसरीकडे उमटणार. काही फ्रेम भलत्याच जागेच्या आहेत. नंबर झाकलेत, काही उलट्या करून छापल्यात. कुठली कुठे ते तुला कळणार नाही. ठळक दिसेल त्याच्याभोवती गोल कर. नाही दिसलं तर काही करू नकोस."

"तू का नाही बघत?"

"माझा डोळा शंकेला सोकावलाय. मला आता नसलेलंही दिसतं, असलेलंही दिसत नाही. तीन दिवस तेच ते बघतेय. एकदा वाटतं आहे, एकदा वाटतं नाही. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

भाचीने पेन्सिल घेतली. नऊ चित्रांत गोल करायला तिला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात मावशी खिडकीकडे तोंड करून बसली होती. झाल्यावर मावशीने झाकलेले नंबर उघडले, उलटी चित्रं सुलटी केली, पारदर्शक कागद ठेवून एकेक गोल उतरवला. पाच फ्रेम सतराच्या निघाल्या. पाचही गोल एकावर एक बसले, सतराच्याच जागेवर. जिथे ओरखडा उमटायला हवा होता तिथे पाचही फ्रेममध्ये काहीच नव्हतं.

"तो डिटेक्टर त्या दिवशी बरा होता," मावशी म्हणाली. "खरी आहे तुझी दीर्घिका."

"म्हणजे माझी खूण..."

"तुझी खूण खोटीच आहे." मावशीचा आवाज चढला नाही. तिने यादी पुढे ओढली. "दीर्घिका खरी निघाली म्हणून ती खरी होत नाही. माझी खूण खालून वर जाताना थांबत नाही. ही मध्ये थांबलीय, बघ. ज्याला खात्री नसते त्याचा हात थांबतो."

"सोमवारीच का नाही बोललीस?"

"सोमवारी मला एवढंच ठाऊक होतं की खूण खोटी आहे. दीर्घिका कशी आहे ते ठाऊक नव्हतं. अर्ध्या माहितीवर मी कुणाला फुली मारत नाही. तुलासुद्धा."

तिने खोडरबर घेतलं आणि ती खूण पुसली. पुसल्यावर बोटाने रबराचे तुकडे झटकले. घर पुन्हा कोरं झालं.

"आता तुझी खूण कर ना," भाची म्हणाली.

"आधी सरांना सांगून ये."

"मावशी, आता तर खरंच निघालंय. कुणाचं काय बिघडणार आहे?"

"त्या दोन भुतांच्या वेळी पण मी असंच म्हटलं होतं. घाईत होते, एक खूण न बघताच केली, दुसरी बघून केली. दोन्ही खोट्या निघाल्या. पण न बघता केलेली मला अजून बोचते. बघून केलेली ती चूक, न बघता केलेली ती लबाडी. जा."

वर जायला एकवीस पायऱ्या होत्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, परत लावला. "पण खरी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"मग मला हे न सांगतीस तर माझा दिवस बरा गेला असता." त्यांनी अर्जाची प्रत पुढे ओढली. "बाईंनी पाठवलं?"

"हो."

"स्वतःहून आली असतीस तर मी जास्त खूश झालो असतो."

त्यांनी दुर्बिणीच्या समितीला पत्र लिहिलं. मुदतीच्या दिवशी सतराची तपासणी झालेली नव्हती, असं त्यात स्पष्ट होतं. समितीने सतरा नंबर त्या हंगामाच्या यादीतून वगळला आणि बाकीचे नंबर ठेवले. भाचीचा प्रबंध सहा महिने मागे पडला. पत्राची प्रत हातात आली त्या संध्याकाळी मावशीने यादीत सतरासमोर बरोबरची खूण केली. एका दमात, न थांबता. शेजारी तारीख घातली, आणि 'डोळा' या शब्दापुढे 'दोन' असं लिहून ठेवलं.

त्यानंतर काही दोघींचं मेतकूट जमलं वगैरे नाही. मावशी भाचीची वही न विचारता उघडून बघायला लागली, आणि बघितलं असं सांगायलाही लागली. भाचीने मावशीची वही पुन्हा कधी वाचली नाही. मावशी ती आता बंद करून ठेवायची, वर पोलादी पट्टी ठेवून, आणि परत आल्यावर पट्टी हललीय का ते बघायची. भाचीला याचा राग यायचा, पण काही म्हणता यायचं नाही.

पुढच्या हंगामात डोंगरावरच्या तबकड्या सतराकडे वळल्या. तो तिथेच होता, गणितापेक्षाही जास्त तापलेला. निबंधात भाचीचं आणि मावशीचं अशी दोन नावं छापायची असं सरांनी ठरवलं, आणि त्यातलं दुसरं नाव छापताना त्याभोवती काळी चौकट करावी लागली. तबकड्या वळल्या त्याच्या नऊ दिवस आधी, एका मंगळवारी सकाळी, मावशी स्वयंपाकघरात गॅसचं बटण बंद आहे का ते बघायला वाकली आणि उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली एक नस. काकांनी त्यांना तीनदा विचारलं, "नक्की ना?"

भाचीला नंतर लोक विचारायचे, काही म्हणाली का शेवटी? म्हणण्यासारखं काही नव्हतं. सोमवारी संध्याकाळी मावशीने नव्या यादीचा कागद भाचीच्या टेबलावर आणून ठेवला. 'डोळा' हा रकाना वरून खालपर्यंत कोरा होता. चप्पल घालत, दाराला हात लावून ती म्हणाली, "उद्या मला यायला उशीर होईल, दात दाखवायचाय. तोवर तू पहिल्या पानापासून सुरू कर. मी आल्यावर परत बघेनच."